जगाच्या बातम्या सोप्या इंग्रजीत: चार मोफत सेवांची पारख

इंग्रजी शिकणाऱ्या तेरा-चौदा ते अठरा वयाच्या मुलांना जगात काय चाललंय यावर मत असतं, आणि ते चांगलं ठाम असतं. मराठीत विचारलं तर पाच मिनिटं थांबत नाहीत. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र ‘इट इज व्हेरी बॅड’ आणि ‘गव्हर्न्मेंट शुड टेक अ‍ॅक्शन’ या दोन वाक्यांपुढे गाडी जात नाही. या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना हमखास सुचवल्या जातात त्या चार सेवा इथे घेतल्या आहेत: न्यूज इन लेव्हल्स, ब्रेकिंग न्यूज इंग्लिश, व्हीओए (व्हॉइस ऑफ अमेरिका, म्हणजे अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी प्रसारणसेवा) लर्निंग इंग्लिश आणि बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम. चारही फुकट आहेत.

निकष एकच लावला आहे. बातमी वाचून-ऐकून झाल्यावर त्या मुलाला तिच्यावर सव्वाशे शब्दांत स्वतःचं म्हणणं लिहिता येतं का, आणि तेही माहितीत घोळ न घालता? नुसतं ‘समजलं’ इथे पुरेसं धरलेलं नाही. समजावून देण्यात चारही सेवा पास आहेत. मत लिहायला तयार करण्यात मात्र एकही पूर्ण उतरत नाही. कारण बातमी सोपी करताना जे सगळ्यात आधी गळतं, नेमकं तेच मत बनवायला लागतं.

उदाहरण घेऊनच बघू. आजच्या दक्षिण नायजेरियात असलेल्या बेनिन राज्यातून ब्रिटिश सैन्याने 1897 मध्ये हजारो धातूच्या आणि हस्तिदंती कलावस्तू लुटून नेल्या. पुढे त्या युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत पांगल्या. जर्मनीने डिसेंबर 2022 मध्ये त्यांतल्या वीसेक वस्तू नायजेरियाला परत दिल्या. ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या 900 हून जास्त वस्तू आहेत. पण मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला 1963 चा ब्रिटिश म्युझियम कायदा विश्वस्तांना आडकाठी करतो.

आता हीच बातमी सगळ्यात सोप्या पातळीवर उतरवली की साधारण अशी होते: ‘खूप वर्षांपूर्वी सैनिकांनी आफ्रिकेतून कलावस्तू नेल्या. जर्मनीने काही वस्तू परत दिल्या. लंडनमधलं मोठं म्युझियम देत नाही.’ (हा नमुना इथे मुद्दाम तयार केलेला आहे, कुठल्याही सेवेच्या पानावरचा नाही.) तिन्ही वाक्यं खरी आहेत, व्याकरणही चोख. पण कायदा गेला. त्यामुळे मुलगा लिहिणार, ‘म्युझियम लोभी आहे.’ कायद्याची ओळ समोर असती तर प्रश्नच वेगळा झाला असता: संसदेने कायदा बदलावा का? शिवाय ‘बेनिन’ एवढंच वाचून नकाशात शोधणारा मुलगा शेजारच्या बेनिन या देशावर बोट ठेवतो आणि पुढचा सगळा परिच्छेद चुकीच्या देशाबद्दल लिहितो.

पातळी खाली आणताना तीन गोष्टी ठरलेल्या गळतात. पहिली, कोण म्हणालं: ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’, ‘विरोधकांचा आरोप आहे’. दुसरी, खात्रीचं प्रमाण: ‘मे’, ‘अलेज्ड’, ‘रिपोर्टेडली’ हे शब्द कठीण म्हणून कापले जातात आणि संशयित थेट गुन्हेगार होतो. तिसरी, वाक्यं जोडणारे ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’, ‘अनलेस’. छोटी वाक्यं शेजारीशेजारी ठेवली की मधला कार्यकारणभाव वाचणारा मनाने भरतो. पंधरा वर्षांचा वाचक तो फार उत्साहाने भरतो.

म्हणून सेवा निवडताना पाहायचं ते हे, की एकाच बातमीच्या किती पातळ्या मिळतात आणि वरच्या पातळीवर जायची वाट किती सोपी आहे.

न्यूज इन लेव्हल्सची मांडणी सगळ्यात सुटसुटीत. एकच बातमी तीन पातळ्यांवर: पहिली हजार शब्दांच्या शब्दसंग्रहावर बेतलेली, दुसरी दोन हजार, तिसरी तीन हजार. हे आकडे शब्दसंग्रहाचे आहेत, बातमीच्या लांबीचे नव्हेत; बातमी तशी छोटीच असते. खाली कठीण शब्दांचे अर्थ सोप्या इंग्रजीतच दिलेले असतात. नवख्याला पहिल्या दिवशी द्यावी अशी हीच. अडचण दुसरी आणि तिसरी यांच्या मधल्या पायरीत आहे. तिसऱ्या पातळीवर बऱ्याचदा मूळ व्हिडिओतलं बोलणंच असतं, म्हणजे निवेदकाचा वेग, तुटक वाक्यं, मध्येच एखाद्याची मुलाखत. ‘दुसरी सहज जमतेय, तिसरी काहीच कळत नाही’ ही तक्रार इथून येते. तिथे आधी मजकूर वाचावा आणि मग ऐकावं. खालच्या दोन पातळ्यांवर आधी ऐकून मग वाचतो, त्याच्या उलटा हा क्रम. निव्वळ मत लिहिण्यासाठी ही सेवा तोकडी पडते. पहिल्या पातळीवर लिहायला पुरेशी माहितीच नसते, आणि विषयांत गमतीजमतींचा भरणा बऱ्यापैकी असतो. पोहणाऱ्या कुत्र्यावर मत ते काय लिहिणार?

या चारांत शिक्षकाने घट्ट धरावी ती ब्रेकिंग न्यूज इंग्लिश. ती 2004 पासून चालू आहे आणि दिसायलाही तेव्हाचीच वाटते: एका पानावर लिंकांची गर्दी, वर जाहिराती, आणि नवा मुलगा नेमकं कुठे टिचकी मारायची याच विचारात अडकतो. पण आत माल भक्कम आहे. सोप्या गटात 0 ते 3 अशा पातळ्या, कठीण गटात 4 ते 6. कठीण गटातला मजकूर पाच वेगवेगळ्या वेगांत ऐकता येतो. सोबत गाळलेल्या जागा, श्रुतलेखन, शब्दांच्या जोड्या, आणि छापून घेण्यासारखी वीस-पंचवीस पानांची भली थोरली हँडआउट. ती पूर्ण करायच्या फंदात पडू नये. एका बातमीवर आठवडा जातो आणि बातमीचाच वीट येतो. छोटी दोन पानी आवृत्तीही असते, एकट्याने शिकणाऱ्याला तेवढी बास.

मोठ्या हँडआउटमधलं एकच पान आवर्जून काढून घ्यावं, चर्चेच्या प्रश्नांचं. ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळे प्रश्न असतात आणि एकाने दुसऱ्याचे बघायचे नसतात. जोडीदार नसला तरी त्यांचा उपयोग होतो: प्रत्येक यादीतले दोन प्रश्न निवडून त्यांची उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करायची, मग लिहायला बसायचं. आधी बोलून झालेलं मत कागदावर बरंच सरळ उतरतं. एक खबरदारी मात्र हवी. यातले पुष्कळ प्रश्न ‘हा शब्द ऐकून तुमच्या मनात काय येतं?’ छापाचे असतात. ते जिभेला वळण द्यायला ठीक, पण मुद्दा त्यांतून निघत नाही. ‘का’, ‘कोणाचा तोटा’, ‘दुसरा उपाय कोणता’ असं विचारणारे तेवढे निवडावेत.

व्हीओए लर्निंग इंग्लिश ही या प्रकारातली आजीबाई. ऑक्टोबर 1959 मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ या नावाने रेडिओवर सुरू झाली: साधारण 1500 शब्दांचा संग्रह, छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच कल्पना, आणि नेहमीच्या बातमीच्या दोन तृतीयांश वेग. नवा वाचक इथे आला तर त्याला आधी हे सांगायला हवं की मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारने व्हॉइस ऑफ अमेरिकाचं काम जवळपास बंद पाडलं आणि तिथला ताज्या बातम्यांचा रतीब तुटला. मग शिफारस कशाला? जुन्या साठ्यासाठी. लेखांची लांबी मत लिहायला पुरेल एवढी असते, आणि सोपं करूनही ‘कोण म्हणालं’ हे बहुतेक जागी शाबूत ठेवलेलं असतं. बातमीच्या प्रत्येक दाव्यामागे माणूस किंवा संस्था, दोन बाजू असतील तर दोन्ही. शेवटी कठीण शब्दांची यादी, शब्दाची जात आणि अर्थासकट. वर म्हटलेली गळती या चारांत इथे सगळ्यात कमी. आरोग्य, शिक्षण, संस्कृती या सदरांतले लेख शिळे होत नाहीत. निवडणुकीच्या आणि युद्धाच्या बातम्या मात्र साठ्यातून घेऊ नयेत, घेतल्याच तर तारीख वहीत वर लिहून घ्यावी. स्वतः व्हीओएने तयार केलेला मजकूर सहसा कॉपीराइटमुक्त असतो, त्यामुळे वर्गासाठी प्रती काढायला हरकत नाही. लेखाखाली एपी, रॉयटर्स किंवा एएफपी अशा वृत्तसंस्थेचं नाव असेल तर तो मुक्त नसतो.

संथ वेगाची सवय लागते, हा या सेवेचा धोका. सहा महिने तोच वेग ऐकलेल्या मुलाला नेहमीची बातमी लावून दिली की तो गोंधळतो, कारण संथ वाचनात प्रत्येक शब्द सुटा उच्चारलेला असतो. खऱ्या बोलण्यात ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’ हे शेजारच्या शब्दात विरघळून जातात. महिनाभरानंतर प्लेअरचा वेग 1.25 करावा. त्याने विरघळणं येत नाही, पण निदान घाई अंगवळणी पडते.

‘सिक्स मिनिट इंग्लिश’ला बातम्यांची सेवा म्हणणं थोडं ताणल्यासारखं होईल. दोन निवेदक, एक सामाजिक किंवा सांस्कृतिक विषय, सुरुवातीला तीन पर्यायांचा एक प्रश्न, त्याचं उत्तर शेवटी, आणि वाटेत सहा शब्द किंवा वाक्प्रचार. मधे बीबीसीच्याच एखाद्या कार्यक्रमातल्या तज्ज्ञाचं बोलणं, खऱ्या वेगात. पातळी मध्यम, अगदी नवख्याला देऊ नये. संहिता मिळते, पण ती शब्दशः नाही असं त्यावरच लिहिलेलं असतं. त्यामुळे श्रुतलेखनासाठी ती वापरली तर बरोबर ऐकलेलंही चूक ठरू शकतं. मतं लिहिण्याच्या दृष्टीने इथे एक गोष्ट फुकट मिळते: दोन माणसं असहमती कशी दाखवतात, शंका कशी काढतात, दुसऱ्याचं म्हणणं थोडं मान्य करून आपलं कसं पुढे रेटतात, याचे तयार नमुने. सहा शब्दांची यादी बाजूला ठेवून हे तुकडे वहीत उतरवावेत. यादीतले वाक्प्रचार दिसायला देखणे असतात, पण मुलं ते दुसऱ्याच दिवशी निबंधात कोंबतात आणि भूकंपाच्या बातमीवर लिहिताना गप्पांतला वाक्प्रचार विचित्र दिसतो.

पातळी कोणती घ्यायची हे अंदाजाने ठरवू नये. मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, आणि 95 टक्क्यांच्या खाली गेलं की अर्थ हातातून निसटायला लागतो, हे शब्दसंग्रहावरच्या संशोधनात बऱ्यापैकी मान्य आहे. हिशोब सोपा. दोनशे शब्दांच्या बातमीत चारपर्यंत अनोळखी शब्द असतील तर पातळी बरोबर. दहापेक्षा जास्त असतील तर एक पायरी खाली. एकही नसेल तर वर. व्यक्तींची आणि गावांची नावं मोजू नयेत.

एका बातमीला पाऊण तास द्यावा, आणि तो असा. आधी मजकूर न बघता एकदा ऐकायचं आणि कोण, काय, कुठे, कधी एवढंच टिपायचं, पाच मिनिटं. मग आपल्या पातळीचा मजकूर वाचायचा. त्यानंतर त्याच बातमीची एक पायरी वरची आवृत्ती घ्यायची आणि पेन्सिलने फक्त तेच अधोरेखित करायचं जे खालच्या आवृत्तीत नव्हतं. या सगळ्यात मोलाची हीच दहा मिनिटं आहेत. गळलेला कायदा, गळलेला ‘अलेज्ड’, गळलेलं ‘ऑल्दो’ इथे हाताला लागतं. वरची आवृत्ती नसेल तर तीच बातमी एखाद्या नेहमीच्या वृत्तसंस्थेच्या पानावर उघडून निदान पहिले तीन परिच्छेद पाहावेत. मुख्य माहिती बहुधा तिथेच असते.

मग लेखन, वीस मिनिटं, सव्वाशे शब्द. तीन वाक्यं माहितीची, त्यांतलं किमान एक ‘अकॉर्डिंग टू’ने सुरू होणारं. एक वाक्य आपल्याला न पटणाऱ्या बाजूचं, पण प्रामाणिक. त्या बाजूच्या माणसाने वाचलं तर मान डोलवावी असं. मग तीन-चार वाक्यं आपल्या मताची, कारणासकट. मजकूर तोवर बंद करून ठेवायचा. उघडा ठेवला की वाक्यं तशीच्या तशी उतरतात आणि शिकणाऱ्याला वाटतं आपण लिहिलं. नवे शब्द आठच्या वर घेऊ नयेत, त्यांतले दोन लेखनात वापरले गेले तरी खूप झालं. दुसऱ्या दिवशी जुनं न बघता पुन्हा लिहायचं. हे दुसरं लेखन पहिल्यापेक्षा आखूड आणि बरं होतं. कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेक जण टाळतात.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. मथळ्याचं व्याकरण मजकुरात शिरतं. मथळ्यात घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात असते, पुढे होणारी ‘टू’ लावून येते, ‘अ’ आणि ‘द’ उडवलेले असतात. मुलगा ‘प्रेसिडेंट टू व्हिजिट चायना’ हेच पूर्ण वाक्य समजून परिच्छेदात टाकतो. मथळा आधी स्वतःच्या शब्दांत पूर्ण वाक्यात लिहून घेतला की हे थांबतं. ‘न्यूज’ एकवचनी चालतो, ‘न्यूज आर’ होत नाही. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांच्या जोडीचं काही नसल्याने त्यांच्या चुका सगळ्यात उशिरा जातात. त्यांच्या मागे लागून बाकीचं लेखन अडवून धरू नये.

आकड्यांनी मात्र दांडी उडते. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. बातमीत ‘टू पॉइंट फाइव्ह मिलियन’ ऐकून अडीच कोटी लिहिणारे थोडे नाहीत, आणि मदतीच्या रकमेवरचं किंवा निर्वासितांच्या संख्येवरचं मत त्याच चुकीवर उभं राहतं. आकडा ऐकला की लगेच लाख-कोटीत बदलून समासात लिहायचा.

‘आय थिंक’ने चार वाक्यं सुरू होणं आणि प्रत्येक उपायात ‘शुड’ येणं हा दुसरा आजार. औषध जालीम पण सोपं आहे: पूर्ण लेखनात ‘आय थिंक’ एकदाच, आणि ‘शुड’ वापरला तर कोणी करावं आणि त्याला काय खर्च पडेल हे त्याच वाक्यात. ‘जगाने एकत्र यावं’ असली वाक्यं या अटीवर आपोआप गळून पडतात.

तपासणीला माणूस नसेल तर केंब्रिजचं ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ फुकट आहे. लिहिलेलं टाकलं की ते ए1 (अगदी नवखा) ते सी2 (सगळ्यात वरची) या मोजपट्टीवर पातळी सांगतं आणि वाक्यांना रंगाच्या छटा देतं. छटा गडद तर त्या वाक्यात काम बाकी. दुरुस्त वाक्य आयतं हातात ठेवत नाही, हा गुणच समजावा. मर्यादा एवढीच की ते भाषा तपासतं, खरंखोटं नाही. बेनिन राज्याऐवजी बेनिन देशावर सुरेख इंग्रजीत लिहिलं तरी गुण चांगलेच येतील.

चॅटबॉट वापरायचा असेल तर ‘हे सुधारून दे’ असं कधीच म्हणू नये. तो सगळं गुळगुळीत करून देतो, आणि त्या गुळगुळीत परिच्छेदात पंधरा वर्षांच्या मुलाचं मत शिल्लक राहत नाही. सूचना अशी द्यावी: चुका फक्त अधोरेखित कर, बरोबर उत्तर सांगू नकोस, माझं म्हणणं बदलू नकोस, आणि माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात मजबूत मुद्दा एका सोप्या वाक्यात दे. त्या मुद्द्याला दोन वाक्यांत उत्तर लिहायचं, आणि त्यात एखादी नवी माहिती आली असेल तर ती मूळ बातमीत सापडते का हे आधी पाहायचं.